आयलायनरचं गोंदण तासाभरात का फिसकटतं? घरच्या मेकअपमधून तात्पुरता टॅटू काढायची रीतसर पद्धत

शाळेचं गॅदरिंग, कॉलेजचा ट्रॅडिशनल डे, लोकनृत्याची स्पर्धा, पाडव्याची शोभायात्रा असं काही आलं की हातावर, दंडावर तात्पुरतं गोंदण काढायचं ठरतं आणि घरातलं आयलायनर बाहेर निघतं. काढताना छान दिसतं. तासाभरात कडा पसरतात, ब्लाउजच्या बाहीला काळं लागतं, हातावर राखाडी डाग उरतो. मग आयलायनर स्वस्तातलं होतं म्हणून असं झालं, असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा आयलायनर ठीकच असतं, क्रम चुकलेला असतो. लोशन लावलेल्या त्वचेवर रेघ ओढली, रेघ सुकण्याआधीच पावडर थापली आणि ती न झाडता वरून स्प्रे मारला, तर महागातलं आयलायनरही टिकणार नाही.

अपेक्षाही आधीच नीट ठेवा. नीट काढलेलं गोंदण एक कार्यक्रम, फार तर एक दिवस टिकतं. कोरड्या हवेत आणि कमी घाम येणाऱ्या त्वचेवर दुसऱ्या दिवशीही दिसेल, पण कडा विरलेल्या असतील. 'आठवडाभर टिकणारा घरगुती टॅटू' असं कुणी सांगत असेल तर तो कशाने काढला आहे ते आधी विचारा.

## काय हवं आणि काय अजिबात नको

सामान मोजकंच आहे:

- डबीतलं वॉटरप्रूफ जेल आयलायनर. नसेल तर बारीक टोकाचं वॉटरप्रूफ लिक्विड आयलायनर
- काजळाची पेन्सिल, फक्त ठसा उठवण्यासाठी
- बारीक ब्रश, दोन-तीन टूथपिक, इअरबड
- ट्रेसिंग पेपर किंवा पातळ बटर पेपर, साधी पेन्सिल
- ट्रान्सल्युसंट पावडर (लावल्यावर रंग न दिसणारी) किंवा आपल्या रंगाचा कॉम्पॅक्ट, पफ आणि मऊ ब्रश
- मेकअप सेटिंग स्प्रे (मेकअप टिकावा म्हणून वरून मारायचा फवारा)
- शेवटी गोंदण पुसून काढण्यासाठी खोबरेल तेल आणि कापूस

काजळ आणि जेल आयलायनर यांची अदलाबदल करू नका. काजळ डोळ्याच्या कडेवर सहज फिरावं म्हणून मऊ मेण आणि तेल घालून केलेलं असतं, त्यामुळे अंगाच्या उबेने ते मऊच राहतं. वॉटरप्रूफ जेलमध्ये उडून जाणारे द्रव असतात. ते उडाले की रंगाचा पातळ, घट्ट थर त्वचेवर बसतो. म्हणून काजळ ठशासाठी आणि जेल रेघेसाठी. अख्खं गोंदण काजळाने काढलंत तर पुढचं काहीही केलं तरी ते फिसकटणारच.

आता काय नको ते. परमनंट मार्कर, बॉलपेनची शाई, नेलपॉलिश, फेव्हिकॉल, हस्तकलेची चमकी यातलं काहीही त्वचेवर लावू नका. यातली एकही वस्तू त्वचेसाठी बनवलेली नाही. चमकी हवीच असेल तर मेकअपचीच घ्या.

सगळ्यात मोठी सावधगिरी काळ्या मेंदीची. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगीपासून तांबूस-तपकिरीपर्यंत जातो आणि चढायला तास लागतात. काही मिनिटांत काळाभोर रंग देणाऱ्या कोनात बहुधा केसांच्या डायमधलं रसायन असतं, पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी. युरोपीय संघाच्या नियमांत केसांच्या डायमध्येसुद्धा ते २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्वचेवर थेट लावायला तर परवानगीच नाही. याने फोड येतात, व्रण राहतात. त्रास कधी कधी कित्येक दिवसांनी सुरू होतो, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही. एकदा ही ॲलर्जी जडली की पुढे आयुष्यभर केसांना साधा डाय लावणंही धोक्याचं ठरू शकतं. एका संध्याकाळच्या हौसेसाठी लहान मुलीच्या हातावर हा कोन फिरवू नका, दुकानदार काहीही म्हणो.

## टप्पा १: तीन दिवस आधी चाचणी

ही पायरी सगळे गाळतात. 'आयलायनर रोज डोळ्याला लावते, मला काय होणार?' हे खरं असलं तरी त्यावर पावडर आणि स्प्रे रोज लावत नाही, आणि तिन्ही एकत्र तर कधीच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढी रेघ काढा, सुकल्यावर पावडर आणि स्प्रे लावा. सहा-सात तासांनी तेलाने पुसा आणि पुढचे ४८ तास त्या जागेवर लक्ष ठेवा. संपर्काने होणारी ॲलर्जी लगेच दिसतेच असं नाही, बरेचदा ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते.

तपासा: खाज, लाली, बारीक पुरळ, जळजळ यातलं काहीही दिसलं तर तो प्रकार सोडा. 'थोडीशीच खाज आहे' म्हणून पुढे जाऊ नका.

## टप्पा २: जागा ठरवणं

चांगल्या जागा म्हणजे हाताची आतली बाजू, मनगटाच्या चार बोटं वर, दंडाची बाहेरची बाजू, खांदा, घोट्याच्या वर, चपलेचा पट्टा घासणार नाही अशी.

वाईट जागा म्हणजे कोपराची घडी, मनगटाची घडी, तळहात, बोटांचे सांधे. जिथे त्वचा सतत दुमडते तिथे थराला भेगा पडतात. बांगड्या, घड्याळ, बाहीची कड, पदराची पिन जिथे घासणार ती जागाही टाळा. ठरवण्याआधी त्या दिवशी घालायचे कपडे एकदा घालून हात हलवून बघा. दंडावर सुंदर गोंदण काढायचं आणि ब्लाउजची बाही नेमकी त्यावरून फिरायची, हे फार वेळा होतं.

खरचटलेल्या, भाजलेल्या, पुरळ आलेल्या त्वचेवर काहीही काढू नका. हातावर लव जास्त असेल तर रेघ तुटक येते. शेव्हिंग किंवा वॅक्सिंग करायचंच तर आदल्या दिवशी करा, त्याच दिवशी नाही. ताज्या ओरखड्यांवर स्प्रेमधलं अल्कोहोल चांगलंच झोंबतं.

## टप्पा ३: नक्षी कागदावर

गोंदणाच्या घाटाची नक्षी निवडणार असाल तर ठिपके, फुल्या, तुळशी वृंदावन, छोटी वेल हे प्रकार आयलायनरला मानवतात. ठिपका किंचित लहानमोठा झाला तरी नक्षी बिघडत नाही. बारीक जाळी, सावल्या, चेहरे यांच्या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नका. दोन रेघांमध्ये निदान २ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, नाहीतर उबेने दोन्ही एकत्र येतात.

नाव लिहायचं असेल तर अक्षरं सेंटीमीटरभर तरी उंच हवीत. त्याहून लहान काढली तर मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटून काळा गोळा होतो.

आता नाव उलटं उमटण्याची अडचण. कागद त्वचेवर पालथा ठेवला की नक्षी आरशातल्यासारखी उमटते. फुलाला त्याने फरक पडत नाही, पण नावाचं हसं होतं. उपाय असा:

1. ट्रेसिंग पेपरवर साध्या पेन्सिलीने नाव सुलटं लिहा.
2. कागद उलटा करा. पलीकडून नाव उलटं दिसेल.
3. त्या उलट्या दिसणाऱ्या रेघांवरून काजळाची पेन्सिल फिरवा.
4. काजळाची बाजू त्वचेवर टेकवा. वरून बघताना नाव सुलटं वाचता आलं पाहिजे.

तपासा: हातावर लावण्याआधी तोच कागद एका कोऱ्या कागदावर हलकेच दाबून बघा. तिथे सुलटं आलं तर हातावरही सुलटंच येईल. मग पुसट झालेल्या रेघांवरून काजळ पुन्हा एकदा फिरवा.

## टप्पा ४: त्वचा तयार करणं

निम्मं टिकणं इथे ठरतं. त्या जागी आदल्या रात्रीपासून लोशन, तेल, सनस्क्रीन काहीही नको. साध्या साबणाने धुवा, स्वच्छ टॉवेलने टिपा आणि दहा मिनिटं तशीच कोरडी होऊ द्या. धुतल्यावर त्वचा वरवर कोरडी वाटते, पण तिच्यात ओल असते.

सॅनिटायझर चोळू नका. बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. मिसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाणी) वापरलंत तर नंतर ती जागा पाण्याने धुवा. प्रायमर, म्हणजे मेकअपखाली लावायचा थर, लावा असंही सांगितलं जातं. माझं मत विचाराल तर हातावर त्याची गरज नसते, आणि जास्त लागला की रेघ त्यावरून घसरते.

मग पफने पावडरीचा अगदी हलका हात द्या आणि उरलेली ब्रशने पूर्ण झाडा.

तपासा: बोटाची मागची बाजू त्वचेवरून फिरवा. चिकट किंवा दमट लागलं तर अजून थांबा.

## टप्पा ५: ठसा उठवणं

हात जसा नेहमी असतो तसाच सैल ठेवा. मनगट वाकवून किंवा मूठ आवळून ठसा घेतलात तर हात सरळ केल्यावर नक्षी तिरकी दिसते. कागद टेकवा, एका बाजूने धरा, बोटाने अर्धा मिनिट दाबा. घासू नका. कागद सरकला की ठसा दुहेरी येतो, मग तो पुसून टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

कागद सरळ वर उचला. ठसा फिकाच यायला हवा. गडद आला तर काजळ जास्त झालं आहे आणि त्याच्या मेणावर जेल नीट बसणार नाही. इअरबडने टिपून ठसा कमी करा, मग पावडरीचा एक स्पर्श द्या.

## टप्पा ६: रेघ आणि ठिपके

डबीत ब्रश बुडवून थेट काढू नका. स्वच्छ टूथपिकने मसुरीच्या दाण्याएवढं जेल स्टीलच्या झाकणावर काढून घ्या आणि डबी बंद करा. उघडी राहिली की जेल घट्ट होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. गॅदरिंगला एकाच डबीतून दहा-बारा मुलींना गोंदण काढलं जातं आणि तीच डबी पुन्हा डोळ्यांना वापरली जाते. डोळ्यांचे संसर्ग असेच फिरतात. झाकणावर उरलेलं जेल डबीत परत टाकू नका, फेकून द्या.

निव्वळ काळा रंग रंगमंचावर पेनाने गिरवल्यासारखा दिसतो. आजीच्या हातावरचं जुनं गोंदण निळसर-हिरवं दिसतं, कारण तो रंग त्वचेच्या थराखालून दिसत असतो. तो भास हवा असेल तर तीन भाग जेलमध्ये एक भाग गडद हिरवी किंवा मोरपंखी आयशॅडो मिसळा. याहून जास्त घातलीत तर मिश्रण भुरभुरीत होऊन सुकल्यावर सुटतं. एवढ्या एका गोष्टीने कामात किती फरक पडतो ते दोन फुटांवरून बघितलं की कळतं.

काढताना:

- उजव्या हाताने काढणाऱ्याने वरून खाली, डावीकडून उजवीकडे जावं. डावखुऱ्यांनी उजवीकडून सुरुवात करावी. आपलाच हात ओल्या रेघेवरून फिरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.
- नाव असेल तर शिरोरेषा शेवटी.
- रेघ एका दमात, पातळ. जाड रेघ वरून सुकते आणि आत ओली राहते.
- ठिपक्यांसाठी टूथपिकचं टोक तोडून बोथट करा. प्रत्येक ठिपक्याला नव्याने बुडवा, म्हणजे सगळे सारखे येतात.
- स्वतःच्या हातावर काढत असाल तर कोपर टेबलावर टेकवा. मदतीला कुणी असेल तर त्यांना त्वचा अगदी हलकी ताणून धरायला सांगा.

चुकलं तर लगेच पुसू नका, ओलं जेल पसरतं. दोन मिनिटं सुकू द्या, मग मिसेलर वॉटरमध्ये बुडवून निथळलेल्या इअरबडने तेवढीच कड काढा. त्या जागी पावडर टिपा आणि मग दुरुस्ती करा. कन्सीलरने (डाग झाकायच्या क्रीमने) झाकायला जाऊ नका. तो तेलकट असतो आणि शेजारची रेघ विरघळवतो.

## टप्पा ७: सुकवणं, पावडर, जेलचा दुसरा हात

इथे घाई झाली की आधीचं सगळं वाया जातं. क्रम असा ठेवा:

1. पहिली रेघ सुकू द्या. पंख्याखाली तीन ते पाच मिनिटं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत आणखी थोडा वेळ, विशेषतः लिक्विड आयलायनर असेल तर. फुंकर मारू नका, तोंडच्या वाफेने ओल वाढते.
2. तपासा. कडेच्या एखाद्या ठिपक्याला कोरडा इअरबड टेकवा. काळं लागलं तर अजून थांबा.
3. पंखा बंद करून पावडर दाबा. पफने टेकवायची, चोळायची नाही. मिनिटभर तशीच राहू द्या. त्वचेचं आणि रेघेचं वरवरचं तेल ती शोषून घेते.
4. उरलेली पावडर झाडा. मऊ ब्रशने, नक्षीच्या आतून बाहेर.
5. दुसरा हात. आता रेघांवरून पुन्हा जेल फिरवा, पहिल्यापेक्षा पातळ. पावडरीने फिका पडलेला रंग परत येतो आणि हा थर पावडरीच्या कोरड्या पृष्ठभागाला धरतो.
6. पुन्हा सुकवा, पुन्हा पावडर, पुन्हा झाडा.

एकच जाड थर दोन पातळ थरांची जागा घेत नाही. वेळ वाचवायचा असेल तर नक्षी लहान करा, दुसरा हात गाळू नका.

सावळ्या त्वचेवर पांढरी टाल्कम पावडर राखाडी दिसते, म्हणूनच सामानात ट्रान्सल्युसंट पावडर किंवा कॉम्पॅक्ट सांगितला आहे. कॉर्नफ्लॉवर वापरू नका, घामाने त्याचा चिकटा होतो. आणि लहान मुलांच्या तोंडाजवळ कुठलीही पावडर उडवू नका.

## टप्पा ८: स्प्रे

बाटली वीतभराहून थोडी लांब धरा, म्हणजे २० ते ३० सेंटीमीटर. एक हलका फवारा, दोन मिनिटं थांबा, मग दुसरा. पुरे. जवळून भिजवलंत तर थेंब जमतात आणि रेघा वाहतात. स्प्रे मारण्याआधी पावडर पूर्ण झाडली आहे ना ते बघा. राहिली असेल तर तिचा पांढरा लगदा होतो आणि तो निघत नाही.

सेटिंग स्प्रे नाही म्हणून हेअर स्प्रे वापरणारे पुष्कळ आहेत. तो केसांसाठी बनवलेला असतो. चाचणीत त्रास झाला नसेल तर मोठ्या माणसाच्या हातावर एखादा हलका फवारा मारता येईल. चेहऱ्यावर, मानेवर आणि लहान मुलांवर नाही.

सावधान: हेअर स्प्रे झटकन पेट घेतो. समई, उदबत्ती, गॅस, पेटती काडी जवळ असताना तो मारू नका. देवघराशेजारी आवराआवर चालते, सणाच्या दिवशी दिवा लागलेला असतो, ते आधी बघा. खिडकी उघडी ठेवा.

हनुवटीवर किंवा कपाळावर ठिपके काढले असतील तर डोळे आणि तोंड मिटून सेटिंग स्प्रेचा एकच फवारा. लहान मुलांसाठी स्प्रे सोडूनच द्या, दोन वेळा पावडर पुरते.

## टप्पा ९: कपडे आणि दिवसभर

एकूण पाऊण ते एक तास हाताशी ठेवा. बाहीत हात घालताना नक्षी घासते, म्हणून ब्लाउज किंवा कुर्ता आधी घाला, मग गोंदण काढा. साडी असेल तर पदर पिनअप करण्याआधी. बांगड्या सगळ्यात शेवटी.

घाम आला तर टिश्यूने टिपा, पुसू नका. नुसत्या पाण्याचे शिंतोडे फारसं बिघडवत नाहीत. साबण, तेल, लोशन आणि सनस्क्रीन मात्र थर विरघळवतात. सनस्क्रीन लावायचं तर नक्षी सोडून आजूबाजूला लावा. पांढऱ्या कपड्यांपासून जपा. कार्यक्रमाच्या मध्येच पुसट झालं तर वरून नवं जेल ओढू नका, घामट त्वचेवर ते बसत नाही. आधी टिपा, पावडर लावा, झाडा, मगच तेवढी रेघ दुरुस्त करा.

## टप्पा १०: पुसून काढणं

झोपण्याआधी गोंदण पुसून काढा. रात्रभर ठेवलं तर उशीला डाग पडतात आणि त्वचेलाही विश्रांती मिळत नाही. खोबरेल तेल लावून दोन मिनिटं थांबा, कापसाने एकाच दिशेने पुसा, मग साबणाने धुवा. रंध्रांत काळपट छटा उरली तर घासणी घेऊ नका, तेलाचा दुसरा हात द्या. नेलपॉलिश रिमूव्हर, लिंबू, खाण्याचा सोडा यांची गरज नाही, त्यांनी फक्त त्वचा सोलवटते. शेवटी साधं मॉइश्चरायझर.

काढल्यानंतरची किंचित लाली तासाभरात जाते. ती वाढत गेली, खाज सुटली, पाणी भरलेले फोड आले किंवा नक्षीच्याच आकारात त्वचा उंचावली, तर घरगुती लेप लावत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना वापरलेलं जेल, पावडर आणि स्प्रे सोबत न्या. वेष्टनावरची घटकांची यादी बघून डॉक्टरांना कारण शोधणं सोपं जातं.